धुरीचा डबा

"आई, हात नका लावू त्याला! अजून नऊ दिवस आहेत."

माझ्याच घरात, माझ्याच लोणच्याच्या बरणीला हात लावू नका, असं मला सूनबाईंनी सांगितलं. मी हात मागे घेतला आणि काही लागलं नव्हतं तरी पदराला पुसला.

"नऊ दिवसांनी काय सोनं निघणार हाय का त्यातून?"

"तसंच समजा," साधना हसली. "किमयाच आहे ती."

हे खूळ तिनं मोबाईलमधून काढलेलं. म्हणे हजारो वर्षांपूर्वी मिसर, म्हणजे इजिप्त, देशातले पुजारी देवासाठी असं सुगंधी मिश्रण करायचे. बेदाणे वाईनमध्ये भिजवायचे, मध आटवायचा, मग रोज एक वस्तू त्यात घालायची. नागरमोथा, वेखंड, हिराबोळ, दालचिनी. बरणीचं तोंड बांधून ते मुरवायचं, मग तेलात उतरवायचं आणि गाळून बाटल्या भरायच्या. झाडपाल्याचाच वास, बाहेरचं काही नाही. "वनस्पतीचा जीव तिच्या वासात असतो, आई. तो सोडवून दुसऱ्या देहात घालायचा," असं ती मला समजावायची.

मला! तीस वर्षं मखमलाबादेत बाळंतिणींना शेकशेगडी मी दिली. हिराबोळ कुणाला किती, कुठल्या बाळाला धुरी किती वेळ, हे माझा हात सांगायचा. वेखंड काय मिसरातून येतं? माझ्या पत्र्याच्या डब्यात ते कायम असतं. आता बाया दवाखान्यातून घरी येतात ते धूर करायचा नाही हे शिकूनच. डबा फळीवर पडून आहे. पण सुनेनं एकदा तरी विचारावं, आई, तुम्हाला यातलं काय माहीत?

तिनं विचारलं जैतुनबीला.

जैतुनबी आमच्या मळ्याच्या बांधापलीकडची. तिचे सासरे तांब्याच्या देगेत गुलाबाचं अत्तर काढायचे. ते गेले, देग मोडीत गेली, पण जैतुनबीचं नाक शाबूत आहे. साधना तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणते. मला आई म्हणते ते लग्न झालं म्हणून, तिला खाला म्हणते ते मनानं. मनगटाला तेल लावलं की आधी बांध ओलांडून पळते. जैतुनबी आली की बिनसाखरेचा चहा न सांगता होतो. माझ्या चहात साखर किती, ते बाईला पाच वर्षांत पाठ झालेलं नाही.

त्या दुपारी साधना बरणीत बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन तिकडेच गेली. ज्ञानेश, माझा लेक, फुलं घेऊन गंगेवर, गोदेकाठच्या बाजाराला गेलेला. मी फळीवरून डबा काढला. बरणीचं फडकं सोडलं. बाळंतशेपा, वावडिंग, ऊद आणि सावलीत वाळवलेला मरवा, हे माझं धुरीचं मिश्रण. दोन मुठी आत टाकल्या, ढवळलं, फडकं होतं तसं बांधलं. चांगलं व्हावं म्हणून टाकलं नाही. नासावं म्हणून टाकलं. मिसरच्या देवळाला बाळंतिणीच्या खोलीचा वास यावा आणि खालाचं नाक खाली व्हावं, एवढंच मनात होतं.

नऊ दिवसांनी बरणी उघडली. तेलात उतरवून गाळलं. साधनानं पहिला थेंब अर्थातच जैतुनबीच्या मनगटावर लावला. जैतुनबीनं डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला घेतली.

"खाला, हे आपण ठरवलं तसं नाही झालं," साधना म्हणाली. "पण केवढं सुंदर! कसं केलंत?"

"मी काय केलं नाय गं," जैतुनबी म्हणाली.

तो तिचा मोठेपणा ठरला. द्राक्षमळ्यातल्या हॉटेलच्या मॅडमनी वास घेतला आणि तीन महिन्यांत दोनशे बाटल्या मागितल्या, अगदी अशाच. ज्ञानेश छापखान्यातून चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला. मी चौथी शिकलेली. अक्षर अक्षर जोडून वाचलं. जै-तु-न.

पुढची बरणी लागली. तो वास आला नाही. त्याच्या पुढचीही तशीच गेली. साधना वहीत बघायची, तराजूवर मोजायची, पुन्हा वहीत बघायची. एका सकाळी पाण्याच्या टाकीमागे तोंड दाबून रडताना दिसली. आधी मला बरं वाटलं. मग तितकं वाटेना.

मी निशिगंध खुडत होते तिथं जैतुनबी आली.

"झुंबर, माझ्या शाहनवाजला सवा महिना तू धुरी दिली. तो वास मी विसरेन व्हय?"

"मंग सांगायचं ना तिला. लाडकी हाय तुझी."

"मी सांगितलं तर चुगली होईल. तू सांग."

"तिनं मला कधी विचारलं?"

"आन तू कधी सांगितलं? सासू-सुना एका मापाच्या. टोपली भरली का? दे इकडं, उचलते."

"माझी मी उचलते," मी म्हटलं.

घरी आले, हातपाय धुतले, डबा काढला आणि साधनाच्या वहीवरच ठेवला. तिनं झाकण उघडून वास घेतला. तशीच उभी राहिली.

"कधी घातलंत?"

"तू तिकडं गेली त्या दुपारी."

"मला का नाही सांगितलं?"

"नासावं म्हणून घातलं होतं. सांगून कोण नासवतं?"

चुलीवरचं दूध वर आलं तसं तिनं जाऊन खाली उतरवलं. परत आली, पेन्सिल घेतली, माझ्यासमोर खाली बसली.

"किती घालायचं, आई?"

"दोन मुठी."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"माझ्या मुठी."

तिनं माझा हात धरून तराजूवर नेला, तिथं मी मूठ सोडली. तिनं आकडा लिहून घेतला. दुसऱ्या मुठीचा आकडा वेगळा आला, तोही लिहिला.

बरणी साधली. बाटल्या भरल्या.

"नाव बदलून घेऊ या," साधना म्हणाली. "ज्ञानेश पुन्हा छापून आणेल."

"छापलेलं टाकून देतात काय? राहू दे."

ओसरीवर बसून दोनशे चिठ्ठ्या मी चिकटवल्या. साधनानं चहा आणून ठेवला. घोट घेतला, साखर कमीच होती. एक चिठ्ठी जरा तिरकी बसली होती. ती ओली होती तोवर नखानं सोडवली आणि जैतुनचं नाव सरळ लावलं.