दिलेल्या फांद्या

बसथांब्यावरचं पत्रक धाकटीने दोनदा वाचलं. कपडे शिवून पोट भरणारी ही बाई एरवी पत्रकं वाचायच्या भानगडीत पडत नसे. पण फोटोतला लाल देठांचा वेल तिच्या रोजच्या बघण्यातला होता. तो तिच्या थोरल्या बहिणीच्या कुंपणावर होता. खाली वनखात्याने लिहिलं होतं, की हा बाहेरून आलेला वेल झाडांवर चढून त्यांना मारतो. दिसला तर कोणाला देऊ नका, फोटो काढून लगेच कळवा.

कोणाला देऊ नका म्हणे! भाऊजी गेल्यापासून ताईच्या दारात माणसं यायची ती या वेलाच्या फांद्या मागायला. आणि ताईचा तोरा असा, की नुसती फांदी देणं तिला कमीपणाचं वाटे. बाटलीत ठेवून मुळं फुटली की मगच ती द्यायची, म्हणजे लावली की जगलीच पाहिजे.

धाकटीने आधी काणाडोळा केला. मग नाल्याकाठच्या जुन्या झाडावर तेच लाल देठ पार शेंड्याला पोचलेले दिसले. तिने तिथला फोटो पाठवला आणि मन घट्ट करून कुंपणाचाही पाठवला. ताई आता बोलणं टाकणार याची तिला खात्री होती, आणि ताईवाचून तिला दुसरं कोणीही नव्हतं. त्या दिवशी तिच्या हातून एकही टीप सरळ पडली नाही.

खात्याच्या बाई आल्या आणि वेल मुळासकट खणून पोत्यात भरू लागल्या. कोणी कळवलं, असं ताईने विचारलं. बाईंनी नाव सांगायचं नाकारलं, तेव्हा शेजारी उभी असलेली धाकटीच म्हणाली, "मी."

ताईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फांद्या कुठे कुठे गेल्या ते बाईंनी विचारलं, तर ताई पाठ फिरवून अंगण झाडू लागली. दंडाच्या भीतीने लोक लपवतात, कोणी आपणहून सांगितलं तर बरं, एवढं बोलून बाई गेल्या.

"आधी मला सांगायला काय झालं होतं?" ताईने शेवटी विचारलं.

"सांगितलं असतं, तर उपटू दिला असतास?"

ताईने उकरलेली माती पायाने सारखी केली.

"नसता दिला," ती म्हणाली. "बाटलीत घालून मागच्या खोलीत लपवला असता."

मग तिने चपला घातल्या आणि धाकटीला बरोबर घेतलं. दिलेली वस्तू परत मागायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पहिल्याच दारात तिला भयंकर लाज वाटली. कसंबसं अवसान आणून तिने बेल वाजवली. शेजारीण हसतमुखाने बाहेर आली आणि ताईने तोंड उघडायच्या आत तिला ओढत अंगणात घेऊन गेली.

"बघा, कसा फोफावलाय! माझ्या चार मैत्रिणींनाही दिल्या मी फांद्या. अगदी तुमच्यासारख्या, मुळं फुटवून."

ताईने धाकटीचा हात घट्ट धरला.

"त्या चौघींची घरं दाखवा," ती म्हणाली.