झाकण बसलं पाहिजे

मित्रांनो, मी एक जुनी कचरापेटी आहे. दोन चाकांची, हिरवी, कमरेएवढी उंच. हिरवी म्हणायची ती आता एकाच बाजूने. दुसरी बाजू मेणबत्तीसारखी ओघळून गेली आहे. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा, मला त्याची सवय आहे. पण एक सांगते. घरातल्या कपाटाला घर जेवढं कळत नाही तेवढं मला कळतं. मिरवायचं ते माणूस कपाटात ठेवतो आणि लपवायचं ते माझ्या पोटात ढकलतो.

माझा जन्म कारखान्यातला. प्लास्टिकचे दाणे तापवले, साच्यात भरले, गार केले आणि मला बाहेर काढलं. अंग असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी. आम्हा बहिणींना एकीत एक रचून गाडीतून आणलं आणि दारोदार वाटलं. कुणाच्या नशिबी कोण येईल ते काय सांगावं? माझ्या नशिबी काकू आल्या.

गल्लीच्या टोकाचं घर. घर आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ, आणि बोळात खिडकीखाली माझी जागा. घरात दोनच माणसं, काकू आणि काका. काकांनी पूर्वी बस चालवली होती. त्यांनीच पांढऱ्या रंगाने माझ्या अंगावर घराचा नंबर काढला. जरा तिरका आला, तर काकू म्हणाल्या, "बस पण अशीच चालवत होता काय?"

काकूंची जीभ अशी. पण हात सोन्यासारखा. ओलं वेगळं, सुकं वेगळं. फुटलेली बशी टाकायची तर आधी कागदात गुंडाळून, वर दोरी बांधून. गाडी येऊन गेली की मला साबणाच्या पाण्याने धुवायच्या आणि उन्हात पालथी घालायच्या. कचरागाडीवरची माणसं म्हणायची, "काकूंच्या पेटीत बसून जेवावं." मी मनात म्हणायची, बसा की, झाकण लावून घेते.

असे बरे दिवस होते. मग गल्ली वाढली. एका घराची दोन झाली, खोल्या भाड्याने गेल्या, माणसं वाढली. पेट्या मात्र तेवढ्याच. आणि माणसाची जात कशी, तर स्वतःची पेटी भरली की त्याला शेजारधर्म आठवतो.

पहिल्यांदा आली ती चिंध्यांची पिशवी. काकूंनी झाकण उघडलं, एक चिंधी दोन बोटांत धरून पाहिली आणि पिशवी उचलून थेट समोरच्या शिंपीणबाईच्या पायरीवर नेऊन ठेवली.

"हे तुझं लेकरू आमच्याकडे आलं होतं गं. वाट चुकलं वाटतं."

"काकू, एवढीशी पिशवी. तुमच्या पेटीत जागा होती म्हणून टाकली."

"जागा तर माझ्या घरातही आहे. उद्या येऊन अंथरूण घालशील."

शिंपीणबाई हसली. पुढच्या वेळी तिने पिशवी कचऱ्याच्या तळाशी दाबली, एवढाच फरक. तिच्यामागे बाकीचेही आले. आपलं ठेवायचं झाकून आणि टाकायचं दुसऱ्याचं झाकण उघडून, अशी त्या गल्लीची रीतच पडली.

एकाच माणसाबद्दल काकूंची तक्रार नव्हती. बोळापलीकडच्या भिंतीमागे राहणारा मोबाइल दुरुस्तीवाला. तो घरातच टेबल मांडून काम करायचा. गोड बोलायचा, काकूंना सिलिंडर उचलून द्यायचा, त्यांचा फोन फुकट नीट करून द्यायचा. त्याची पेटी नेहमी स्वच्छ आणि अर्धी रिकामी. काकू गल्लीला सांगायच्या, "शिका जरा त्याच्याकडून."

दिवसभर फोन खोलणाऱ्या माणसाची पेटी रिकामी कशी, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मला माहीत होतं. दुपारी गल्ली पेंगायला लागली की तो अनवाणी यायचा. एका हाताने झाकण उचलायचं, दुसरा हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि पावाच्या रिकाम्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी खोल सरकवायचं. मग झाकण इतकं हळू टेकवायचं की आईने झोपलेल्या बाळावरचा हात काढावा.

त्या बॅटऱ्या होत्या. चंदेरी, चपट्या, बिस्किटाएवढ्या. चपट्या म्हणजे असायला हव्या होत्या. या सगळ्या पोट फुगलेल्या, टरटरीत. त्यांना एक गोडसर, घशात बसणारा वास होता. आजवर मी सडलेलं पोटात घेतलं, नासलेलं घेतलं, किड्यांनी वळवळणारं घेतलं. त्याची मला कधी भीती वाटली नाही. सडणारी वस्तू संपायच्या वाटेला लागलेली असते. या वस्तू कशाची तरी वाट पाहत होत्या.

खिडकीच्या आत काकांची खाट होती. जिन्यावरून पडून त्यांचा खुबा मोडला होता, आणि तेव्हापासून ते पडूनच असायचे. त्यांना माणसं आवाजाने कळायची.

"अगं, दुपारी कुणीतरी पेटी उघडतं."

"मांजर असेल."

"मांजर झाकण परत हळूच लावत नाही."

"तुम्हाला दुसरं काम काय? झाकणं ऐकत बसा."

"एखादं कुलूप तरी लाव."

"कचऱ्याला कुलूप? लोक म्हणतील, हिच्या कचऱ्यात सोनं आहे."

विषय तिथेच संपला. आणि मित्रांनो, खरा घोळ पुढे झाला. गाडीवाल्यांनी नवा नियम काढला. ज्या पेटीचं झाकण पूर्ण बसलेलं नाही ती उचलायची नाही. एकदा माझं झाकण शेजाऱ्यांच्या पिशव्यांमुळे वीतभर उघडं राहिलं, तर गाडी मला तशीच सोडून निघून गेली. सगळ्या गल्लीच्या पेट्या रिकाम्या आणि काकूंची भरलेली. काकूंना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ज्यांच्या पेटीचं कौतुक व्हायचं त्यांच्याच दारात माशा घोंगावत होत्या.

त्यांनी शेजाऱ्यांशी भांडण केलं नाही. ते करून झालं होतं. त्यांनी माळ्यावरून पहार काढली.

तेव्हापासून गाडी यायच्या दिवशी, पेटी बाहेर न्यायच्या आधी, काकू झाकण उघडायच्या, दोन्ही हातांनी पहार धरायच्या आणि खच्चून कचरा ठासायच्या. "बस, मेल्या, बस खाली," असं म्हणत. पहारेचं टोक कधी चिंध्यांत रुतायचं, कधी पुठ्ठ्यात. मी श्वास रोखून धरायची. म्हणजे मला श्वास नाही, पण धरायची. टोक आणि ती चंदेरी पोटं यांच्यामध्ये कधी शिंपीणबाईची पिशवी असायची, कधी भाजीची देठं. ज्या चिंध्यांवरून एवढी भांडणं झाली, त्याच मला गादीसारख्या वाटायला लागल्या. काकू ठासायच्या, झाकण बसायचं, गाडी यायची आणि मी सुटायची. मग पुन्हा दुपार, पुन्हा अनवाणी पाय.

त्या सकाळी चिंध्या नव्हत्या. शिंपीणबाईकडे काम कमी होतं. पावाचे कागद मात्र बरेच होते.

पहार आत आली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी खाली काहीतरी वाकलं. फुटलं नाही, वाकलं. काकूंना ते जाणवलंच नाही. झाकण नीट बसलेलं पाहून त्यांनी पहार भिंतीला टेकवली.

"दूध घेऊन येते हो," त्या खिडकीतून म्हणाल्या. "आले की पेटी बाहेर काढते. कडी बाहेरून लावतेय."

"तू येईपर्यंत मी कुठे पळून जातोय?" काका म्हणाले.

काकू गेल्या. माझ्या तळाशी ऊब जमायला लागली. आधी उन्हाची असावी तशी. मग तव्याखालची असावी तशी. मी उलटी पडू शकत नव्हते, चाकांवर पुढे सरकू शकत नव्हते. माझ्यावर खिडकी, खिडकीत पडदा, पडद्यामागे खाट, आणि खाटेवर पाय न हलणारा माणूस.

मग फुस्स झालं. बारीक, लांब.

"अगं, कुकर लावलास का?" काका रिकाम्या घराला विचारत होते.

भिंतीपलीकडे खुर्ची पडली. दुरुस्तीवाला अनवाणी धावत आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. कडी काढली, घरात शिरला आणि काकांना अंथरुणासकट ओढत बाहेर आणलं. ते दारात पोचले तेव्हा कुठे माझ्या झाकणाखालून पहिला धूर निघाला आणि वाऱ्याने थेट काकांच्या तोंडावर गेला. पुढचं सगळं एकदम झालं. झाकण उडालं, आग वर आली, पडद्याने पेट घेतला, पडद्यावरून ती उशीवर गेली. माझी एक बाजू मऊ पडून खाली बसायला लागली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खरं आहे, पण त्या वेळी मला माझं काही वाटत नव्हतं. मी उशीकडे बघत होते. तिच्यावर थोड्या वेळापूर्वी डोकं होतं.

लोक बादल्या घेऊन धावले, आग विझली. काका शिंपीणबाईच्या ओट्यावर बसून खोकत होते. काकू दूध घेऊन वळणावर आल्या, धूर पाहिला आणि दूध तिथेच टाकून धावल्या. त्यांनी काकांचे हात चाचपले, पाय चाचपले, तोंड पदराने पुसलं. मग गल्लीकडे तोंड केलं.

"माझ्या पेटीत काय टाकलं होतं? आणि कुणी?"



"काकू, माझ्या नुसत्या चिंध्या असायच्या," शिंपीणबाई म्हणाली. "आज तर त्याही नव्हत्या. आणि याचे पाय धरा आधी. हा धावला म्हणून काका वाचले."

काकूंनी दुरुस्तीवाल्यापुढे हात जोडले. तो मागे सरकला.

"अगं," खोकल्यातून काका म्हणाले, "नुसतं फुस्स झालं होतं. धूर नंतर निघाला. हा आधी आला."

काकूंचे जोडलेले हात हळूहळू सुटले. त्यांनी त्याचे अनवाणी पाय पाहिले.

"नुसत्या आवाजाला का धावलास रे?"

"आवाज ओळखीचा होता, काकू. माझ्या पेटीतून एकदा आला होता. बॅटऱ्या होत्या." त्याने ओठ पुसले. "गाडीवाले म्हणाले, बॅटऱ्या लांबच्या केंद्रावर नेऊन द्यायच्या. पुन्हा पेटीत दिसल्या तर तुझा कचरा उचलणार नाही. लांब पडतं म्हणून मग..."

"म्हणून माझ्या पेटीत."

"एकट्या तुमच्या नाही."

त्याने मान वळवली, तशी सगळ्यांनी वळवली. गल्लीभर दारांपुढे पेट्या रांगेने उभ्या होत्या. झाकणं नीट बसलेली. काकूंचं पाहून बाकीच्या घरांतही आता सळई आली होती, दांडका आला होता, कुणी पायानेच दाबत होतं.

आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. मागे दोन माणसं लटकलेली. पहिल्या दोन-चार पेट्या त्यांनी गाडीच्या पोटात रित्याही केल्या होत्या. कचरा दाबणारी लोखंडी फळी खाली यायला लागली होती.

काकू वयाला न शोभेल अशा धावल्या. बोळातल्या भिंतीला टेकवलेली पहार त्यांनी उचलली होती. तिच्या टोकाने त्यांनी गाडीचा पत्रा ठोकला.

"बंद कर ते. तुझी माणसं उतरव."

"काकू, बाजूला व्हा, उशीर होतोय," चालक म्हणाला.

"आधी माझी पेटी बघून ये. मग म्हण, उशीर होतोय."

चालकाने मान बाहेर काढून बोळाकडे पाहिलं. फळी अधांतरी थांबली. माणसं खाली उडी मारून लांब झाली.

मग ज्याने त्याने आपली पेटी रस्त्यावर उलटी केली. कुणाच्या घरात काय चालतं ते गल्लीने उघड्यावर पाहिलं आणि कुणीही त्यावर बोललं नाही. दुरुस्तीवाला गुडघ्यांवर बसून एकेक पावाचा कागद उलगडत होता, फुगलेली बॅटरी दोन बोटांनी उचलत होता आणि कुणीतरी आणून ओतलेल्या वाळूवर ठेवत होता. गाडीच्या पोटातला कचराही त्याच्यापुढे ओढून टाकला. तो शोधत राहिला.

"झाल्या सगळ्या?" काकूंनी विचारलं.

तो पुन्हा कागद चाळायला लागला.

"किती टाकल्या होत्यास?"

"आठवत नाही, काकू."

चालकाने किल्ली काढली आणि खाली उतरला. गाडी गल्लीत तशीच उभी राहिली, तोंड उघडं टाकून, आणि तिच्याजवळ जायला कुणी तयार होईना.

काका पुढे बरे झाले. छातीत मात्र धूर राहिला तो राहिलाच. मला इथे, मोडक्या पेट्यांच्या आवारात आणून टाकलं आहे. यंत्र मला दळून पुन्हा दाणे करेल आणि कुणी सांगावं, उद्या मी तुमच्याच दारात उभी असेन. म्हणून मित्रांनो, आताच सांगून ठेवते. नको झालेली वस्तू शेजाऱ्याच्या पेटीत ढकलली म्हणजे ती नाहीशी होत नाही. पुढे तिला कुणाचा तरी हात लागतो. त्या हाताच्या माणसाला आत काय आहे ते माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.