आपोआप

बसची नोकरी संपून नऊ वर्षं झाली, तरी वस्तीत त्याला सगळे कंडक्टरच म्हणत. महिन्याच्या पहिल्या रविवारी खांद्याला जुनी चामड्याची पिशवी अडकवून तो गल्लीत शिरला, की कोणीतरी हाळी द्यायचंच, "कंडक्टर आला, सुटे काढा." एका घराचे महिन्याला दहा रुपये. दहाच्या वर छदाम घ्यायचा नाही, हा वस्तीच्या संघटनेचा नियम त्यानंच घातलेला. मोठ्याकडून घेतलं की मोठ्याचं ऐकावं लागतं, हे त्याचं सरळ गणित.

त्या दहा-दहांवर नगरपालिकेत वस्तीचं आपलं माणूस बसवायचं होतं. पहिल्या निवडणुकीत सपाटून मार खायचा, दुसरीत डिपॉझिट वाचवायचं आणि तिसरीत जागा घ्यायची, असं त्यानं अठरा वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं. लोक पोट धरून हसले. पहिल्या दोन गोष्टी ठरल्याबरहुकूम झाल्या, तेव्हा हसणं जरा कमी झालं. आता तिसरी निवडणूक आली होती आणि उमेदवार होती त्याचीच लेक, दवाखान्यातली नर्स.

त्यानं सगळ्यात पहिलं दार ठोठावलं होतं ते इस्त्रीवाल्या मावशींचं. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, बाकी छतापर्यंत लोकांचे कपडे. भाषण पाठ करून गेलेला. पाण्याची लाइन, कचऱ्याची गाडी, भाडं वाढवणारे घरमालक, सगळं एका दमात म्हणून दाखवलं. मावशींनी इस्त्री उभी केली, खुर्चीवरचा ढीग उचलला आणि म्हणाल्या, "आधी बसा. श्वास घ्या."

दहाची नोट देताना त्या म्हणाल्या, "हे पाण्यासाठी नाही हं. तुम्ही दर महिन्याला यावं म्हणून देते. आमच्याकडे कपडे येतात, माणसं येत नाहीत."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

पुढची चौदा वर्षं त्यानं उंबरे झिजवले. पावती फाडायला एक मिनिट लागायचं आणि घरातून पाय निघायला अर्धा तास. कोणाचं काम सुटलं, कोणाला घरमालकानं दमात घेतलं, कोणाचं पोरगं शाळेत जायचं नाव काढत नाही, सगळं त्याच्या कानावर असायचं. बायको वैतागायची. "अहो, वर्गणी आणायला जाता की सोयरीक जमवायला?"

मग गुडघ्यांनी संप पुकारला. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. नवरा-बायको लेकीकडे राहायला गेले, दोन बसथांबे पलीकडे. तोडगाही लेकीनंच काढला.

"बाबा, आता सगळ्यांकडे फोन आहेत. एकदा जोडून दिलं की पहिल्या तारखेला दहा आपोआप कापले जातील. तुम्ही घरबसल्या बघा."

महिनाभरात चारशे बारा घरं जोडून झाली. मावशींनी आपला फोन त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही?"

"येईन की मधूनमधून," तो म्हणाला. म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं.

चार वर्षांत एकही घर गळलं नाही. पहिल्या तारखेला सकाळी चहा पिता पिता तो फोनवर आकडा बघायचा, आणि चारशे बारा दिसले की त्याची छाती फुगायची. जो भेटेल त्याला सांगायचा, अख्खी वस्ती आपल्या मागे आहे. लेकीच्या पहिल्या प्रचारसभेला जेमतेम पन्नास माणसं आली, तेव्हाही म्हणाला, "कामावर असतील बिचारे." पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मतदानाला दहा दिवस राहिले होते. त्यानं गुडघ्यांना पट्टे आवळले, पिशवी अडकवली आणि मावशींचं दार गाठलं. दार उघडलं ते एका तरुण बाईनं. कडेवर मूल होतं.

"मावशी आहेत?"

"तुम्ही कोण?"

या गल्लीत हा प्रश्न त्याला कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. "कंडक्टर," तो म्हणाला. "संघटनेचा."

"अच्छा, तुम्ही होय. मी त्यांची सून." तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आई गेल्या. सात महिने झाले."

"पण वर्गणी तर येतेय," त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"खातं बंद करायचं राहिलंय," ती सरळपणे म्हणाली. "फोन वाजला की आई म्हणायच्या, पैसे गेले, कंडक्टर काही आला नाही. पहिल्या रविवारी त्या खुर्चीवर कपडे ठेवू द्यायच्या नाहीत. शेवटपर्यंत."

मान वर करायची सोय राहिली नाही. सात महिने तो ज्या आकड्याकडे बघून मिशीत हसत होता, त्यात मावशींचे दहा होते.

उरलेल्या दिवसांत गुडघे नेतील तितक्या दारांशी तो गेला. कुठे घर सोडून गेलेले लोक अजून वर्गणी देत होते, कारण बंद कशी करायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुठे नवऱ्याच्या फोनमधून दहा जात होते आणि बायकोला संघटनेचा पत्ताही नव्हता. कोणी वाईट बोललं नाही. दारातच उभं राहून बोलले, एवढंच.

लेक एकसष्ट मतांनी पडली. "पुढच्या वेळी, बाबा," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तिनं दोष दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं. चालणं वाचलं म्हणून तो खूश होता, आणि संघटना होती ती त्या चालण्यातच. हे मावशींनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून मावशी परत येणार नव्हत्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा त्याच दाराशी उभा राहिला.

"काका, परवाच कापले गेले," सून म्हणाली.

"ते बंद करायला आलोय."

तिनं मावशींचा फोन आणून दिला. त्याला ते जमेना, म्हणून शेवटी तिनंच बंद केलं. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू, मत मी समोरच्या उमेदवाराला दिलं. त्यांची माणसं तीनदा आली. याला ताप होता, तर दुसऱ्यांदा येऊन विचारून गेली. तुमचे नुसते मेसेज."

"बरोबर केलंस," तो म्हणाला. तो निघायला वळला.

"आता उभ्या उभ्या कुठे चाललात?" तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा."

तो बसला. मूल त्याच्या पिशवीच्या बंदाशी खेळायला लागलं. बऱ्याच वेळानं ती आत गेली आणि दहाची नोट घेऊन आली. त्यानं पिशवीतून जुनं पावतीपुस्तक काढलं, तारीख घातली. गल्ली आणि घर नंबर त्याला पाठ होते. नावाच्या रेघेवर पेन अडलं. हात सवयीनं मावशींचं नाव लिहायला निघाला होता.

"नाव काय लिहू?" त्यानं विचारलं.

"कोणाचं?"

"तुझं."

साडेतीन वर्षं ती त्याच्या चारशे बारांतल्या एका घरात राहत होती. तिनं नाव सांगितलं. त्याला ते दोनदा विचारावं लागलं.