टेकडीवरचा अँटेना

“आईचा फोन लागत नाहीये,” म्हणत वाटपकाका खुर्चीतून अर्धवट उठले.

“झोपल्या असतील हो, काका,” शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली.

“झोपली असती तर रिंग तरी वाजली असती! हा म्हणतोय संपर्कक्षेत्राबाहेर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई क्षेत्राबाहेर जाईल कशी?”

मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांचा जन्म गेला होता. एका अँटेनावर फोनची गर्दी झाली की थोडी उचलायची, शेजारच्यावर टाकायची, म्हणून ते वाटपकाका. आई गावातल्या क्रिकेटच्या मैदानापलीकडे, शेवटच्या गल्लीत एकटी राहायची. कालच ते तिला दवाखान्यातून घरी सोडून आले होते. दुपारची गोळी घेतली की फोन करायचा, एवढंच ठरलं होतं.

त्यांनी तिच्या शेजारणीला फोन लावला. तोही क्षेत्राबाहेर! आता त्यांचं डोकं चालायला लागलं. दोघींचे फोन एकदम कसे गेले?

“अगं, सकाळी मैदानावरच्या सामन्याच्या गर्दीसाठी टेकडीवरचा अँटेना खाली झुकवला ना आपण?”

“तुम्हीच झुकवलात.”

टेकडीच्या पायथ्याशी मैदान. अँटेना खाली बघायला लागला आणि मैदानापलीकडची गल्ली त्याच्या नजरेतून सुटली. झुकवण्याआधी पलीकडे कोण राहतं ते बघा, हे नवख्यांना घसा कोरडा करून सांगणारे हेच! पण स्वतःच्या चुकीचा इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

“वर उचल त्याला. थोडी गर्दी स्टेशनच्या अँटेनावर ढकल.”

“मैदानावर व्हिडिओ अडकतील, काका.”

“अडकू देत. सामना डोळ्यांनी बघा म्हणावं!”

थोड्या वेळाने रिंग वाजली आणि पलीकडून आईचा आवाज आला. काकांच्या जिवात जीव आला.

“आई, बरी आहेस ना? गोळी घेतलीस?”

“घेतली की. तुला लावला, लागेना. म्हटलं कामात असशील. मग फोन नुसताच कानाला धरून बोलत बसले. गुडघा, मांजर, तुझे बाबा स्वप्नात आले ते. सगळं सांगून झालं माझं.”

काकांना हसू आलं आणि डोळेही भरले.

“मला काहीच ऐकू आलं नाही गं. पुन्हा सांग.”

“कामं नाहीत का तुला?”

“आहेत.” ते खुर्चीत नीट टेकून बसले. “गुडघ्यापासून सुरुवात कर.”