कळशीचा गळा

अमावास्येला सकाळी नऊलाच कासुर्डीच्या माळावरच्या पत्र्याच्या शेडपुढं शे-दीडशे बायका पदर खाली सोडून, गळे उघडे करून बसल्या होत्या. कुणाची मान सुजलेली, कुणाचे केस गळालेले, कुणाला नुसतीच सारखी झोप येत होती. दगडोबा महाराजांच्या हिशेबी सगळ्यांना एकच रोग होता, थायरॉईड, आणि औषधही एकच, काळा दोरा. महाराज शिकले किती, हे कुणी विचारलं नव्हतं. अंगात आलं की डिग्री आपोआप येत असावी.

"थायराईड म्हंजी काय?" महाराज माइकवर गरजले. "रोग न्हाई, भार हाय भार! गळ्यात बसून ऱ्हातो. डाक्टरच्या बापाला दिसत न्हाई. आमच्या दोऱ्याला दिसतो!"

एका बाईच्या मानेभोवती त्यांनी दोरा फिरवला आणि टोकं जुळली तिथं खूण म्हणून गाठ मारली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, स्टीलच्या कळशीतलं तीर्थ तिच्या तोंडावर शिंपडलं आणि तोच दोरा पुन्हा फिरवला. गाठ चांगली दोन बोटं पुढं गेली. मान दोन बोटांनी बारीक! बायकांनी हात जोडले.

मी तिथं भक्तीनं गेले नव्हते. यवतच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. आमच्याच गावची स्नेहल तिसऱ्यांदा गरोदर होती, आधीची दोन्ही पोटं पडलेली. तिची मान भरलेली आणि तोंडावरची सूज बघून डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली होती. आठ दिवस झाले तरी ती आली नाही, म्हणून शोधत गेले. ती सासूशेजारी, सोजराबाईंशेजारी, रांगेत बसली होती. दिवसाढवळ्या तिला पेंग येत होती, आणि उन्हातही अंगावर स्वेटर होता.

"मावशी, दोन मिनिटांचं काम हाय. रक्त देऊ द्या, मग बांधा दोरा," मी म्हणाले.

"आन् बाटला मंजी? सुई टोचली की दोरा बाटतो, म्हाराजांनी सांगितलंय," सोजराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघून, "तू चांगदेवाची दीक्षा न्हवं? तुमच्यात देव मानत न्हाईत. तुला काय कळायचं?"

महाराजांची हुशारी बघा. तपासणी झाली तर थाप उघडी पडणार, म्हणून तपासणीलाच पाप ठरवून टाकलं. वर तो दोरा माझ्या ओळखीचा होता. माझी आई पार्वतीबाई फ्रॉक शिवते, चुण्या घालायला असलाच ताणणारा दोरा वापरते. पहिल्यांदा सैल धरायचा, दुसऱ्यांदा ओढून. एवढाच मंत्र.

मी स्नेहलच्या नवऱ्याला, सत्यजीतला, बाजूला घेऊन हे सांगितलंही. तो म्हणाला, "दीक्षाताई, तुम्ही नावंच ठेवणार. माझ्या डोळ्यानं बघितलंय मी." मला अपमान वाटला. मरा म्हटलं, आणि लॅबला निघून गेले. तो राग मला महागात पडला असं म्हणायची सोय नाही, कारण किंमत माझ्या खिशातून गेली नाही.

तीन आठवड्यांनी स्नेहलचं तिसरंही पोट पडलं.

महाराजांना दुःख वगैरे झालं नाही. त्यांनी निकाल दिला, "हिनं चोरून सुई टोचून घेतली. दोरा बाटला." सोजराबाईंनी घरी जाऊन सुनेचा दंड धरला आणि टोचल्याची खूण शोधली. पोट पडून चार दिवस झालेल्या पोरीचा दंड उन्हात नेऊन बघितला, उलटापालटा करून.

सत्यजीत लॅबमध्ये आला. दाढी वाढलेली. "खरं सांगा, रक्त घेतलं व्हतं का तुम्ही?"

"घेतलं असतं तर आज गोळी चालू असती," मी म्हणाले. तरी तो जाईना. मग मी विचारलं, "शिक्रापूरला कंपनीत काय करता तुम्ही?"

"क्वालिटीला हाय. पार्ट मोजतो."

"मोजायचं यंत्रच चुकीचं असंल तर?"

"असं कसं? रोज सकाळी आधी मास्टर पीसवर लावून बघतो. त्याचं माप ठरल्यालं असतं, बदलत न्हाई. त्यावर बरोबर आलं तरच पुढचं काम."

"आन् म्हाराजांचा दोरा कशावर लावून बघितला?"

केसाएवढा फरक आला की पार्ट फेकून देणारा माणूस. बायकोच्या गळ्याला मात्र त्यानं न तपासलेलं माप लावू दिलं होतं.

पुढच्या अमावास्येला तो स्नेहलला आणि सोजराबाईंना घेऊन शेडवर गेला. मीही मागं उभी राहिले. नंबर आला तसा तो म्हणाला, "म्हाराज, आधी ह्या कळशीचा गळा मोजा."

"कळशीला थायराईड व्हतो का रं?" महाराज हसले. बायकाही हसल्या.

"म्हणूनच. तिची मान बारीक व्हायची न्हाई."

महाराजांनी दोरा मुठीत दाबला. सत्यजीतनं मूठ उघडून तो काढून घेतला. कळशीच्या गळ्याभोवती सैल फिरवला, गाठ मारली. मंत्राऐवजी "एक, दोन, तीन" म्हणाला आणि ओढून पुन्हा फिरवला. गाठ दोन बोटं पुढं.

"कळशीत तीर्थ हाय!" महाराज ओरडले. "म्हणून तिलाबी गुण आला!"

आणि खरं सांगते, पुढच्या रांगेतल्या चार-पाच बायकांनी माना डोलवल्या.

मग सत्यजीतनं दोरा दोन्ही हातांत धरून सगळ्यांसमोर ताणला, सोडला, ताणला, सोडला. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, हे तर चड्डीचं लास्टिक!" तेव्हा कुठं हशा पिकला. गेल्या अमावास्येला जोडलेले हातच आता टाळ्या पिटत होते. मला त्या हशाची किळस आली. महाराज मोटारसायकलवर बसून गेले. पुढं ते नदीपलीकडं साखरेच्या रोगावर दोरा देऊ लागल्याचं कानावर आलं, आणि तिथंही रांग आहे.

स्नेहल हसली नव्हती. तिथूनच ती माझ्यासोबत लॅबला आली. सोजराबाई मागून बडबडत होत्या, "आज अमुशा हाय, उद्या काढा रगत."

स्नेहलनं बाही वर केली. "एवढं रगत गेलं माझं, तवा कुणाचा दोरा बाटला न्हाई. घे ताई."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. थायरॉईड अगदीच कमी काम करत होतं. डॉक्टर म्हणाले, "पोट ह्यामुळंच पडलं असं छातीठोक सांगता येत नाही. पण गोळी वेळेवर सुरू झाली असती तर मूल राहण्याची शक्यता नक्की वाढली असती." रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी. त्याहून अवघड काहीही नव्हतं.

"मग पुढच्या खेपंला ऱ्हाईल का?" सोजराबाईंनी विचारलं.

"आधी मी ऱ्हाते," स्नेहल म्हणाली.

सत्यजीत दाराशी उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं नाही, आणि तिनंही त्याला आत बोलावलं नाही.

तुमच्या घरात कुणाची मान सुजली असेल, कुणी दिवसभर पेंगत असेल, तर तिला तपासणीला न्या. बोटभर बाटलीतलं रक्त खोटं बोलत नाही. आणि वाटेत कुणी दोरा घेऊन आडवा आलाच, तर त्याला म्हणा, आधी कळशीला बांधून दाखव. आम्ही हे एक अमावास्या उशिरा म्हणालो.