चाळीसचा आकडा

ऐलीने चाळीस खोडून तीस लिहिलं आणि सेव्ह करायला बोट उचललं.

"थांब!" पलीकडच्या टेबलावरून डॅरेल ओरडला. "माझा आयडीई उघडतोय."

"अजून उघडतोयच! अरे, टेकडीवरचा पंप बंद पडलाय. बाहेर उणे अठ्ठावीस आहे."

टेकडीवरच्या टाकीत अठरा मिनिटांचं पाणी. ते संपलं की नळ गोठणार. वर चारशे घरं, एक वृद्धाश्रम.

गावाच्या पाणीखात्यात प्रोग्रॅमर ही दोघंच. प्रोग्रॅम लिहायचा ऐलीचा साधा एडिटर टिचकीसरशी उघडे, समोरची एक फाइल दाखवे, बस्स. त्याच कामाचा डॅरेलचा अवजड आयडीई आधी सगळा प्रोग्रॅम वाचून काढी, मग तोंड उघडे.

पंधरा मिनिटं.

"उठला का तुझा हत्ती?"

"चौऱ्याऐंशी टक्के."

"पंपाकडचा दाब पस्तीसवर आलाय. चाळीसच्या खाली गेला की पंप थांबतो. मर्यादा उतरवली की सुरू. यात वाचायचंय काय?"

"तो आकडा आणखी कोण वापरतं, ते."

"कुणी नाही."

"नक्की?"

तिचं बोट बटणावर टेकलेलं. दाबलेलं नाही.

अकरा.

"आला," डॅरेल म्हणाला, आणि पडद्याकडे वाकला.

ऐलीने खुर्ची त्याच्याकडे ढकलली. आकड्याखाली तो वापरणारी दोन ठिकाणं होती. एक पंप. दुसरी टाकी रिकामी करणारी झडप: टाकीतला दाब चाळीसच्या वर गेला की, टाकी फुटू नये म्हणून उघडणारी. टाकीत आत्ता छत्तीस होता. तीस केले असते, तर उरलंसुरलं पाणीही रस्त्यावर.

"कुठल्या शहाण्याने दोन आकड्यांचा एक केला?"

पडद्याच्या उजव्या कडेला एक पट्टी होती. कुठली ओळ कुणी लिहिली ते तिथे दिसे. डॅरेलने ती मिटली.

"जुनं काम आहे. असेल कुणीतरी."

ऐलीने पट्टी मिटताना पाहिली होती. एकच आकडा दोनदा लिहिलेला तिला कधी खपला नव्हता.

"वेगळे कर," ती म्हणाली. "पंपाला तीस. झडपेला चाळीसच."

चार मिनिटं उरली असताना पंप सुरू झाला. टाकीची पातळी एका रेघेने चढली, मग आणखी एका.

अहवालात कारणाचा रकाना होता. डॅरेलने 'अज्ञात' लिहिलं आणि उठला.

"कॉफी आणतो. तुझी काळीच ना?"

"बस खाली. ती पट्टी उघड आधी."

"कशाला आता?"

"तारीख हवीय," ऐलीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, 'अज्ञात' खोडून स्वतःचं नाव लिहिलं. "माझ्या एडिटरमध्ये दिसत नाही ती."