एकशे पाच अंश

लॅपटॉपच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वायफायच्या तीन छोट्या कमानी असतात. नेट जाताना आधी वरची विझते, मग मधली; शेवटची साधारण चार सेकंद टिकते. हे मी त्या आठवड्यात सतरा वेळा पाहिलं होतं.

"माझ्यापुढे बरं चालतं," नवरा म्हणाला. टेबलाशी उभं राहून त्यानं पडदा जरा मागे सारला आणि तिन्ही कमानी उजळल्या. "बघ! तुझ्या हातालाच गुण नाही."

तो आतल्या खोलीत गेला. मी खुर्चीत बसले. कमानी गेल्या.

चार वाजता समितीबरोबर व्हिडिओवर बैठक होती. मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी मी पीएचडी अर्ध्यावर सोडली होती, 'सध्यापुरती' म्हणून. त्याला पाच वर्षं झाली. मार्गदर्शक मॅडमनी माझी नोंदणी कशीबशी टिकवून धरली होती. आधीच्या दोन बैठकांत त्यांनी विचारलं, "मग, पूर्ण करणार का?" आणि दोन्ही वेळा नेमकं तेव्हाच नेट गेलं. आज उत्तर मिळालं नाही तर नोंदणी रद्द होणार होती. समितीला दाखवायचे आलेख लॅपटॉपवर होते, त्यामुळे फोनवर भागणारं नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड काढून पुन्हा घातला. वायफायचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. शेवटी लॅपटॉप राउटरच्या शेजारीच नेऊन ठेवला. फरक शून्य. नवऱ्याला पुन्हा हाक मारली. तो आला, पडद्याला हात लावला, नेट सुरू.

"थांब. हलू नकोस," मी म्हणाले. "तू आलास की नक्की काय बदलतं?"

"घरातलं वातावरण."

"उंची बदलते. तू वरून बघतोस म्हणून पडदा मागे पाडतोस. मी बुटकी, मी तो उभा करते. आणि घाबरले की आणखी जवळ ओढते." मी मुलीला हाक मारली. "कंपासपेटी आण गं, कोनमापक हवाय."

"लॅपटॉपला भूमिती शिकवणार?" नवऱ्यानं विचारलं.

मुलीनं कोनमापक बिजागरीशी धरला. मी पडदा पाच-पाच अंशांनी मागे नेत गेले, ती आकडे वाचत गेली, आणि तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता तयार झाला. नव्वदला एकही कमान नाही. पंचाण्णवला एक, शंभरला दोन. एकशे पाचपासून पुढे तिन्ही. संपूर्ण मालिका तीनदा घेतली. तिन्हीदा तेच.

वायरलेसचा अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो आणि त्याची वायर बिजागरीतून खाली उतरते. ती आत तुटत आली असावी. पडदा उभा केला की टोकं सुटत होती, मागे पाडला की टेकत होती.

"म्हणजे बाबांच्या हाताला गुणबिण काही नाही," मुलगी म्हणाली.

"नाही. त्यांची फक्त मान लांब आहे."

नवऱ्यानं तक्ता दोनदा वाचला. "चला, इतके दिवस फुकटचं श्रेय खाल्लं," असं म्हणत त्यानं कपाटातून दोन जाडजूड शब्दकोश काढले आणि माझ्या खुर्चीवर रचले. "बस यावर. आज तूही उंच."

चारला दहा मिनिटं कमी असताना मी पडदा एकशे पंधरा अंशांवर ठेवला आणि मागे पुस्तकांचा टेकू दिला. आलेख दाखवून झाले. एका परीक्षकांनी तिसऱ्या आलेखातल्या त्रुटीच्या मर्यादेबद्दल खोदून विचारलं. मी आकड्यांनिशी उत्तर दिलं, तेव्हा ते "उत्तम" म्हणाले. कमानी तिन्ही जागच्या जागी.

मग मॅडम पुढे झुकल्या. "आता मुद्द्याचं बोल. पूर्ण करणार का?"

माझा हात सवयीनं पडद्याकडे गेला. मी तो मांडीवर ठेवला. दारात नवरा आणि मुलगी उभे होते. नेट जाणार नव्हतं.

"हो मॅडम," मी म्हणाले. "पूर्ण करणार आहे. सोमवारपासून रोज प्रयोगशाळेत येते."